मूळ पाठ, नवे इंजिन

मोटारगाडीवर आम्ही कधी काही लिहू, असे आम्हाला वाटले नव्हते. उभ्या आयुष्यात आम्ही गाडी चालवायला शिकलो नाही. शिकवली ती पाठचिकित्सा, तीही तीस वर्षे. पण गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे, डेट्रॉइटच्या उत्तरेकडील एका उपनगरात, मुक्काम पडला आणि शेजाऱ्यांच्या गॅरेजमधल्या 1969 सालच्या शेव्हरोले शेव्हेलने आमच्या मनातला एक मिटवून टाकलेला वाद पुन्हा उकरून काढला.

शेजारी आमच्याच वयाचे, मोटारीच्या कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. लांबलचक बॉनेट, मागे उतरत गेलेले छप्पर आणि पोटात 396 घन इंचांचे, म्हणजे साडेसहा लिटरचे, आठ सिलिंडरांचे बिडाचे इंजिन. वडिलांच्या पश्चात गाडी बरीच वर्षे पडून राहिली. एका हिवाळ्यात इंजिनात साधे पाणी राहून गेले, ते गोठले आणि ब्लॉकला तडा गेला. तिकडच्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकतात ते मीठ गाडीचा तळ आधीच खात आले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी ती दुरुस्त करायला घेतली. तळाचा पत्रा नवा, रंग नवा, गाद्या नव्या. याबद्दल कोणी ब्र काढला नाही. वाद पेटला तो इंजिनावरून. त्या काळच्या ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकातले आकडे ठोकलेले असतात. ते गाडीशी जुळले तर ती अस्सल आणि तिची किंमत वेगळी. त्याच सालचे दुसरे 396 मिळाले असते, पण आकडे जुळले नसते; आणि जुने आकडे घासून नवे ठोकणारे महाभागही या धंद्यात आहेत. (प्रक्षिप्त ओव्या घुसडणाऱ्यांची आठवण आम्हाला इथेच झाली.) शेजाऱ्यांनी तो मार्ग घेतला नाही. त्यांनी आजच्या धाटणीचे 6.2 लिटरचे एलएस-3 बसवले. 2008 सालच्या कॉर्व्हेटमध्ये प्रथम आलेले हे इंजिन ॲल्युमिनियमचे, कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमावर इंधन फवारणारे आणि 430 अश्वशक्तीचे. जुन्याची अश्वशक्ती कंपनीच्या कागदावर 325 होती, पण ते मोजमाप उघड्या इंजिनाचे. पंखा, सायलेन्सर वगैरे लावून मोजायची पद्धत 1972 साली आली. म्हणजे खरे अंतर दिसते त्याहून मोठे.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. फर्नडेल गावातल्या एका फुटबॉल मैदानासाठी निधी जमवायचा म्हणून 1995 साली सुरू झालेला हा मेळा आता फार मोठा झाला आहे. आम्ही शेजाऱ्यांच्या बाजूच्या सीटवर होतो. गाडी थांबली की लोक कौतुकाने जवळ येत, बॉनेटखाली वाकून पाहत आणि त्यांतले काही एक शब्दही न बोलता निघून जात. खरे सांगायचे तर आमची सहानुभूती त्या निघून जाणाऱ्यांकडे होती. आम्हीही एखादी संहिता वाचताना असेच वाकून पाहत आलो आहोत.

पण आम्ही हे बोलून दाखवल्यावर शेजाऱ्यांनी जो इतिहास सांगितला, त्याने आम्ही निरुत्तर झालो. 1964 साली पाँटिॲकने जीटीओ आणली, तेव्हा मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा दंडकच होता. पाँटिॲकच्या लोकांनी 389 घन इंचांचे इंजिन निव्वळ जादा सोय म्हणून ग्राहकाला देऊ केले आणि दंडकाला बगल दिली. म्हणजे ज्याला आज 'मसल कार' म्हणून पूजतात तो प्रकारच मुळी सालस गाडीत न शोभणारे इंजिन घालण्यातून जन्माला आला! मग अस्सलपणा शोधायचा तो कुठे?

या युक्तिवादाने आम्ही चकित झालो, पण आमचे मत पालटले ते त्याने नव्हे. पालटले ते गॅरेजच्या कोपऱ्यात. तिथे लोखंडी घोडीवर तेच तडा गेलेले 396 चढवून ठेवले आहे, तेल चोपडून, वर जुनी चादर. काढलेला प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी: कुठून काढले, कोणत्या दिवशी. नवे इंजिन बसवताना गाडीच्या सांगाड्याला एकही भोक पाडलेले नाही; जुन्याच जागी जोडपट्ट्या लावून ते तोलले आहे. उद्या नातवाला वाटले, तर सारे उलटे करता येईल. भांडारकर संस्थेच्या महाभारताची पहिली आठवण आम्हाला झाली ती या पिशव्या पाहून. 1919 साली सुरू होऊन 1966 साली मुख्य संहिता पुरी झाली त्या आवृत्तीत संपादकांनी नाकारलेले पाठ फेकले नाहीत. ते पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत ठेवले.

आणि दुसरी आठवण झाली ती आमच्या वडिलांच्या वह्यांची. त्यांनी तीन वह्यांत आपल्या शिक्षकीच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यांच्यामागे आम्ही त्या स्वखर्चाने छापल्या. अनुस्वार 1962 च्या नियमांप्रमाणे काढून टाकले, इथवर ठीक. पण त्यांची गावाकडची वाक्येही आम्ही प्रमाणभाषेत बसवली, दोन प्रकरणे एकत्र केली, एक गाळले. पुस्तक सुरेख झाले. नातवंडांना ते वाचता येते, जसे शेजाऱ्यांना पहिल्या फटक्यात गाडी सुरू करता येते. मग पुण्याचे घर बदलताना वह्या रद्दीत गेल्या. 'छापले आहे, आता कशाला?' हे आमचेच वाक्य. गाळलेल्या प्रकरणात काय होते ते आता आम्हालाही नीट आठवत नाही.

परत येण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी पुन्हा फेरफटका मारायला नेले. वाटेत या पुस्तकाचा विषय निघाला. त्यांनी सहज विचारले, "प्रोफेसर, मग ती हस्तलिखिते तुम्ही कुठे ठेवली आहेत?" इंजिनाचा आवाज मोठा होता. आम्ही प्रश्न ऐकूच न आल्यासारखे काचेबाहेर पाहत राहिलो.