फादर लांदांची वही

दिएगो दे लांदा हे नाव आमच्या सेमिनरीत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला एका ओळीत येऊन गेले. मेक्सिकोतील युकातान प्रांताचे फ्रान्सिस्कन मिशनरी, पुढे तेथील बिशप, एवढेच. त्या ओळीमागे काय होते ते आम्हांला फार वर्षांनी माया संस्कृतीवरील एक ग्रंथ वाचताना कळले, आणि तेव्हापासून हा मनुष्य आमची पाठ सोडीत नाही.

माया लोकांना शून्य ठाऊक होते. शुक्राच्या उदयास्ताची कोष्टके त्यांनी मांडली होती. झाडाच्या सालीच्या कागदावर चुन्याचा लेप देऊन ते घडीची पुस्तके लिहीत. त्यांतील केवळ चार आज उरली आहेत: ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको शहरात एकेक. काही हवेतील ओलाव्याने गेली; काही आपल्या धर्मबंधूंनी जाळली.

बाप्तिस्मा घेतलेले लोक गुहांत जुन्या मूर्ती पूजतात असे १५६२ साली उघडकीस आले. फादर लांदांनी चौकशी आरंभली. लोकांना मनगटांनी टांगण्यात आले. या छळात दीडशेहून अधिक माणसे मेली असे मागाहून झालेल्या तपासात नमूद आहे. १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी मूर्तींसह पुस्तकांची होळी झाली. ते पाहून लोकांना फार दुःख झाले, हे लांदा स्वतःच लिहून ठेवतात.

'काळच तसा होता' हे समर्थन आम्हांला पटत नाही. त्याच वर्षी तेथे बिशप म्हणून आलेले फ्रान्सिस्को दे तोराल हेही फ्रान्सिस्कनच. त्यांनी हा छळ थांबविला, बंदींना सोडले आणि लांदांना जाब देण्यासाठी स्पेनला जावे लागले. काळ दोघांचाही एकच होता.

पुढे लांदा निर्दोष ठरून बिशप म्हणून परतले. परंतु स्पेनमध्ये असताना, १५६६च्या सुमारास, त्यांनी माया लोकांची माहिती देणारा ग्रंथ लिहिला. घरे, लग्ने, सण, पंचांग, सारे त्यात आहे. आणि आहे एक वर्णमाला. लांदा स्पॅनिश अक्षराचे नाव उच्चारीत, माया लेखक त्याचे चिन्ह काढी. स्पॅनिशमध्ये 'ब'च्या अक्षराला 'बे' म्हणतात. लेखकाने 'बे' या उच्चाराचेच चिन्ह काढून दिले! बाराखडी गिरवलेल्या आपल्या मुलांना यातली गोम चटकन कळेल. युरोपातील पंडितांना मात्र ती कळेना. ग्रंथाची जुनी नक्कल माद्रिदमध्ये शोधून १८६४ साली प्रसिद्ध केली तीही एका फ्रेंच धर्मगुरूनेच, आबे ब्रासर यांनी. परंतु ही वर्णमाला लावून एक ओळही नीट लागेना.

१९५२ साली लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव यांनी हे कोडे सोडविले. माया भाषेत टर्कीला 'कुत्स' आणि कुत्र्याला 'त्सुल' म्हणतात. (मराठी कानाला नेमके उलटे वाटावे!) माया पोथ्यांत एके ठिकाणी 'कु-त्सु' तर दुसरीकडे 'त्सु-लु' अशी चिन्हे होती, शेवटचा स्वर लिहायचा, पण उच्चारायचा नाही. आपण 'घर' लिहितो, शेवटचा 'अ' कोण उच्चारतो? या किल्लीने पुढे शिलालेख बोलू लागले. राजांची नावे, युद्धे, जन्म-मृत्यू वाचता येऊ लागले.

आपल्याकडेही असे घडले आहे. पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात सोळाव्या शतकात गोव्यात रोमी लिपीत उतरविलेल्या रामायण-महाभारताच्या कोंकणी-मराठी कथा आजही आहेत. येशूसंघीयांनी त्या उतरविल्या त्या बहुधा खंडन करण्यासाठी. मूळ पोथ्या नाहीशा झाल्या आणि खंडनासाठी काढलेली नक्कल उरली.

मग लांदांच्या खात्यावर काय मांडावे? त्यांच्या वहीशिवाय माया लिपी लागली नसती असे काही अभ्यासक म्हणतात, आणि ते आम्हांला पटते. पण ती लावून वाचायला चारच पुस्तके शिल्लक आहेत. एक रक्कम दुसरीतून वजा करण्याचा प्रयत्न आम्ही केव्हाच सोडून दिला.

त्या वहीत वर्णमालेच्या शेजारीच नमुन्याचे एक वाक्य आहे. माया लेखकाने चिन्हे काढली, 'मा इन काती'. लांदांनी ती निमूटपणे उतरवून घेतली. अर्थ असा: मला नको.