महेश्वरच्या घाटावरचा कोपरा

इंदूरहून महेश्वर साधारण ९० किलोमीटर. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाहुणे आले की ठरलेली सहल. किल्ला, अहिल्याबाईंची गादी, साड्यांची खरेदी आणि संध्याकाळी घाट.

दोन वर्षांपूर्वी बाबांना घेऊन गेलो होतो. मला नर्मदेच्या मधोमध उभ्या बाणेश्वराचा लाँग एक्स्पोजर फोटो हवा होता. लेन्सवर गडद एनडी फिल्टर लावला की प्रकाश हजारपट कमी होतो. मग सेकंदाच्या तिसाव्या भागात निघणाऱ्या फोटोला तीस सेकंद लागतात आणि वाहतं पाणी सायीसारखं दिसतं. पाण्यावरची चमक घालवायला मी पोलरायझरही चढवला.

"बाबा, त्या कडेच्या पायरीवर बसा. अर्धा मिनिट हलू नका." मांडीवर पिशवी घेऊन ते मूर्तीसारखे बसले. छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसला.

घरी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं, तर चारही कोपरे काळे. बाबांचा एक गुडघा आणि पिशवी तेवढी दिसत होती. १६ मिलिमीटरची लेन्स इतकं रुंद पाहते, की एकावर एक चढवलेल्या दोन फिल्टरच्या कडाच चौकटीत आल्या होत्या.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सवय असते, नंतर दुरुस्त करू. लेन्समुळे कोपरे थोडे मंद झाले असतील तर प्रोफाइल लावून ते उजळतात. इथे कडेने प्रकाशच अडवला होता. उजळवलं तर नुसते दाणे, क्रॉप केलं तर बाबाच गायब. बाबा म्हणाले, "अरे, उजेड आत आलाच नाही, तर तू काढणार कुठून?"

या हिवाळ्यात पुन्हा गेलो. पोलरायझर घरी ठेवला. पातळ कडेचा एकच एनडी, झूम २० मिलिमीटरवर, अॅपर्चर एफ/११. आधी एक चाचणी फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहिले. फोटो स्वच्छ आला. डाव्या कोपऱ्यातली पायरीसुद्धा लख्ख, पण रिकामी. बाबांना आता गुडघ्यांमुळे घाट उतरणं जमत नाही.

घरी त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. पायरीवर बोट ठेवून विचारलं, "मी इथंच बसलो होतो ना रे?"

आता पुढच्या खेपेला त्यांना किल्ल्यावर नेणार आहे. तिथूनही नर्मदा छान दिसते. त्यांची खुर्ची चौकटीच्या मधोमध असेल, आणि त्या फोटोसाठी लेन्सवर एकही फिल्टर नसेल.