खिडकीपर्यंतची पावले

देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. आता तेथील हे उपचार पनवेलजवळ खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये होतात. नवे रक्त तयार होईपर्यंत बालक काही आठवडे गाळलेल्या हवेच्या खोलीत असते. तोंडात व्रण, अंगात ताप. आई म्हणते, ‘पडून राहा, बाळा.’ माया तेच सांगणार. परंतु पडून राहिल्याने स्नायू झिजतात, छातीत कफ साठतो. म्हणून, प्लेटलेट पाहून डॉक्टरांनी अनुमती दिली की सलाईनचा स्टँड धरून खिडकीपर्यंत चालवावे. श्वास ओढून नळीतील चेंडू उचलायला लावावे. मूल रुसले तर आईनेही सोबत चालावे. खतावणीत मुरलेल्या वडिलांनी भिंतीवरील कागदावर फेऱ्या मांडाव्यात, उधारी न ठेवता: काल चार, आज पाच.