धावणारे आणि पळणारे

'होतकरू' हा मराठीतला मोठा सावध शब्द आहे. एखाद्या कवीला होतकरू म्हणताना आपण त्याची स्तुती करतो आणि त्याच श्वासात ती थोडी मागेही घेतो. पुढे काही होईल असे म्हणतो. काही झाले आहे असे म्हणत नाही. पहिल्या कवितासंग्रहांच्या प्रस्तावनांतून हा शब्द इतका झिजला आहे की, तो लिहिणाऱ्याने समोरच्या कविता खरोखर पाहिल्या आहेत काय, अशी शंका यावी. आम्ही लाखनीत मराठी शिकवतो. दरवर्षी पहिल्या वर्षाचा नवा वर्ग समोर बसला की आमच्याही मनात हाच शब्द येतो. मात्र होतकरूपणा पाहायचा कसा, याचे काही एक शास्त्र ज्यांच्याजवळ आहे अशी माणसे आम्हांला साहित्यसभांपेक्षा गावाभोवतीच्या गोठ्यांत अधिक भेटली. पोळा सरल्यापासून शंकरपटाचा हंगाम उभा राहीपर्यंतच्या महिन्यांत या कास्तकारांची गोऱ्ह्यांविषयीची बोलणी ऐकावीत. ती आमच्या समीक्षेच्या तासांहून फार निराळी नसतात. पुष्कळदा अधिक काटेकोर असतात.

बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगितले पाहिजे. पट म्हणजे वस्त्र, पट म्हणजे सोंगट्यांचा, पट म्हणजे पडदा. परंतु आमच्या झाडीपट्टीत नुसता 'पट' म्हटला की बैलांची शर्यत. हलका छकडा, त्याला एक जोडी आणि छकड्यावर धुरकरी. पुणे जिल्ह्यातील घाट निराळे, सांगली-साताऱ्याकडची मैदाने निराळी, आणि आमचा शंकरपट निराळा. येथे पट हा शर्यतीपुरता राहत नाही. त्यानिमित्ताने लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री वडशाहून आलेल्या मंडळीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. झाडीपट्टीची रंगभूमी आणि झाडीपट्टीचा पट यांनी एकमेकांना पोसले आहे. त्यामुळे आम्हां मराठीच्या माणसांना पटाकडे केवळ खेळ म्हणून पाहता येत नाही.

हा हंगाम धानाने ठरवलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे हलके धान निघते, मार्गशीर्षात भारी धान निघते, आणि मग बांध्या मोकळ्या होतात. पावसाळाभर चिखलात मऊ झालेले खूर कोरड्या जमिनीवर कडक व्हायला अवधी लागतो. म्हणून नवा गोऱ्हा छकड्याला जुंपून पाहायचा तो याच दिवसांत. त्याआधी जे होते ते सगळे डोळ्यांचे आणि हाताचे काम. दावणीला बांधलेल्या जनावराकडे पाहून ते पौषात काय करील, याचा अंदाज घ्यायचा.

पहिला प्रश्न दातांचा. दुधाचे दात असलेला तो आदत. समोरचे दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. साधारण अडीच वर्षांच्या आसपास पहिली जोडी येते आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत तोंड जुळते. पश्चिम महाराष्ट्रात आदत बैलांची मैदानेच वेगळी भरतात. येथे इंग्लंड-आयर्लंडकडच्या अडथळ्यांवरून उड्या घेणाऱ्या घोड्यांची आठवण होते. तिकडे हर्डलच्या शर्यतींत 'नॉव्हिस' कोण, हे वयावर ठरत नाही. चालू हंगाम सुरू होण्यापूर्वी ज्याने तसली एकही शर्यत जिंकलेली नाही, तो नॉव्हिस; चेल्टनहॅमच्या मार्चमधल्या प्रसिद्ध मेळ्याची पहिली शर्यत याच नवख्यांची असते. म्हणजे तिकडे नवखेपण यशाने संपते, आमच्याकडे दातांनी. साहित्यात ते कशाने संपते, हे आम्हांला आजवर नीट सांगता आलेले नाही. दुसऱ्या संग्रहाने संपते म्हणावे, तर तिसऱ्या संग्रहापर्यंत आदत राहिलेले कवीही मराठीत आहेत.

दातांनंतर ठेवण. छाती खोल हवी, पाठ सरळ हवी, खूर लहान आणि मिटलेले हवेत, कातडी अंगाला चिकटून हवी, पोळी लोंबती नको. जातींचे गुण वेगळे. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ पांढरा, लांबट तोंडाचा, हलक्या हाडाचा आणि चालीला चपळ. पश्चिमेकडून येणारा खिल्लार मागे वळून वर गेलेल्या शिंगांचा, वेगवान आणि तितकाच तापट. चंद्रपूर-गडचिरोली-गोंदियाकडची कठाणी जात चणीने लहान, घट्ट, धानाच्या चिखलाला सरावलेली. परंतु ठेवण ही वृत्तासारखी असते. वृत्त निर्दोष असले म्हणजे कविता आली असे नव्हे, हे जसे आम्ही वर्गात सांगतो, तसेच जाणता कास्तकार उभ्या बैलाविषयी सांगतो.

खरी पारख चालीत. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो की मागे राहतो; आडवा बांध आला तर गोऱ्हा थबकतो, अडखळतो, की पाऊल न मोडता उचलून पलीकडे जातो; वळताना मान आधी वळते की अंग आधी फिरते. आणि चालीच्याही पलीकडे जोड. एकटा बैल कितीही वेगवान असला, तरी जोडीचा वेग दोघांतील सावकाश चालणाऱ्याचा. एक पुढे आणि एक मागे झाला की जू तिरपे होते, छकडा रेषा सोडतो आणि पट हातचा जातो. म्हणून पारखी माणूस 'कोणता बैल चांगला' असे विचारत नाही, 'कोणाबरोबर चांगला' असे विचारतो. साहित्याच्या इतिहासात आपण लेखकांना एकेकटे उभे करून गुण देतो. कोण कोणाच्या सोबतीने वेगात आला, हे क्वचितच पाहतो.

या सर्वांहून सूक्ष्म असा एक भेद आम्हांला तालुक्यातील एका वयोवृद्ध कास्तकाराने सांगितला. त्यांचे बोलणे झाडीबोलीतले. येथे त्याचा आशयच देतो. "सर, गोऱ्हा धावतो की पळतो, एवढे बघा. बाकीचे मागून कळते." प्रमाण मराठीत आपण ही दोन क्रियापदे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांच्या लेखी त्यांत अख्खा बैल सामावलेला होता. धावणाऱ्याचे कान पुढे असतात, पळणाऱ्याचे मागे. धावणाऱ्याला समोर काही दिसत असते. पळणाऱ्याला मागे कोणीतरी आहे, एवढेच ठाऊक असते. थांबल्यावर धावलेल्या गोऱ्ह्याचा श्वास लवकर बसतो. पळालेला दावणीला बांधल्यावरही डोळे फिरवीत राहतो आणि वैरणीला तोंड लावीत नाही.

हा भेद केवळ गोठ्यातला नव्हे. याच भेदावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाला. २०११ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून प्रदर्शन व खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींवरही बंदी कायम केली. बैल हा स्वभावतः शर्यतीचा प्राणी नाही. तो जोराने जातो तो भीतीने आणि वेदनेने जातो, असा त्या निकालाचा रोख होता. आमच्या कास्तकाराच्या भाषेत सांगायचे तर, शर्यतीतला प्रत्येक बैल पळतच असतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, नियमही केले. मात्र उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांच्या अटीवर शर्यतींना मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

मधल्या साडेसात वर्षांचे काय झाले, हा आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. बैलाचे पटातले वय मोजके. चौथ्या-पाचव्या वर्षी तो रंगात येतो, दहा-बाराव्या वर्षी उतरतो. म्हणजे बंदीच्या काळात वयात आलेली गोऱ्ह्यांची अख्खी पिढी आपल्या उमेदीच्या काळात पट न पाहताच उतरणीला लागली. त्याच काळात चिखलणी ट्रॅक्टरकडे गेली, आणि गोऱ्ह्याच्या मानेला जू लागण्याचे जे स्वाभाविक निमित्त होते, तेही सुटत चालले. पट पुन्हा सुरू झाला तेव्हा बैल नवखे होते, पोरसवदा धुरकरी नवखे होते, आणि पारख करणारे डोळे तेवढे म्हातारे झाले होते. शब्दांचेही तेच. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे शब्द वेचून कोशात आणले, हे या प्रदेशावरचे मोठे ऋण आहे. परंतु बैलाच्या चालीचा शब्द कोशात सुरक्षित असला, तरी ती चाल पाहिलेला डोळा नसेल, तर तो शब्द वाचणाऱ्याला काय दिसणार?

असे असले तरी बंदी वाईट आणि परंपरा चांगली, इतके सोपे विधान आम्हांला करवत नाही. तुतारीचा खिळा आमच्या वयाच्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. पिरगाळलेली शेपटीही पाहिलेली आहे. न्यायालयाने जे म्हटले ते हवेतून आलेले नव्हते. आजचे नियम काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांना मनाई करतात. धावपट्टी १००० मीटरच्या आत हवी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाची तपासणी हवी, असे सांगतात. आमच्या मते या नियमांचा सर्वांत खोल परिणाम झाला तो पारखीवर. टोचणी हाती असेपर्यंत पळणाऱ्या बैलावरही पट जिंकता येत होता. म्हणून धावणारा ओळखण्याची गरज प्रत्येकालाच भासत नव्हती. टोचणी गेली, की जो स्वतःहून धावत नाही तो उभा राहतो, आणि मालकाची पारख चारचौघांत उघडी पडते. वृद्ध कास्तकाराचा तो सूक्ष्म भेद, जो पूर्वी रसिकाचा होता, तो आता व्यवहाराचा झाला आहे. अर्थात, नियम खरोखर पाळला गेला तरच. हजारोंच्या आरोळ्यांत, धुळीत, बक्षिसाच्या ओढीत तो पाळला जातो की नाही, हे शेवटी छकड्यावरच्या एका माणसाच्या हातावर अवलंबून असते.

यंदाच्या पोळ्यात आणि नंतर बांध्यांवर आम्ही जे गोऱ्हे पाहिले, त्यांतले तीन मनात राहिले. एक गवळाऊ वळणाचा पांढरा दुसा. ठेवण चित्रासारखी, पोळ्यात सर्वांच्या नजरा त्याच्यावर. पण ढोल वाजला की त्याचे कान मागे जातात. त्याला यंदा पटात न नेता गर्दीची सवय करावी, असे आम्हांला वाटते. मालकाला घाई आहे. दुसरा पश्चिमेकडून विकत आणलेला खिल्लार, चौसा, उघड वेगाचा. त्याच्या जोडीला त्याच्या पावलाचा सोबती नाही, आणि जोवर तो मिळत नाही तोवर त्याचा वेग हा त्याचाच वैरी आहे. तिसरा कठाणी, तांबडा, दिसायला सामान्य. त्याला सांभाळणारी मुलगी आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. ती हाक मारून पुढे चालू लागते आणि तो मोकळ्या बांधीतून तिच्या मागे येतो, बांध ओलांडताना पाऊल मोडीत नाही, पोहोचल्यावर लगेच तणसाला तोंड लावतो. त्याच्याविषयी कोणी काही बोलत नाही.

मुलीला आम्ही विचारले, याला पटात उतरवणार का? ती म्हणाली, "बाबा म्हणतात उतरवू. मी म्हटले, आधी मी छकड्यावर बसते, मग ठरवू." तळेगाव दशासरच्या पटात स्त्रिया धुरकरी होऊन छकडा हाकतात, हे तिला ठाऊक आहे. पौषाला अजून अवकाश आहे. भारी धान अजून बांधीत उभे आहे.