नोंद नाही

मॅगझिनच्या मराठी विभागात लेख देतेय म्हटल्यावर रूमवर हशा पिकला. त्यांचं काही चुकलं नाही. माझी पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेली. शाळेत मराठी बोललं की दंड, आणि ‘एकोणसाठ’ म्हणजे ५९ की ६९ हे मला आजही बोटं मोजून ठरवावं लागतं. तरीही हा लेख मीच लिहिला आहे, आणि मराठीतच टाईप केला आहे. कसा, ते पुढे येईलच.

सुरुवात झाली लॅपटॉपपासून. माझा लॅपटॉप म्हणजे चुलतभावाने वापरून झाल्यावर मला ‘गिफ्ट’ दिलेला. चार जीबी रॅम, एक बिजागरी ढिली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ घ्यायला या म्हाताऱ्याने साफ नकार दिला. नवीन लॅपटॉप मागायची घरी परिस्थिती नव्हती. शेवटी एका सीनियर ताईने पेनड्राईव्ह हातात ठेवला आणि म्हणाली, “डेबियन टाक, एक्सएफसीई घे. हलकं असतं. आणि आधी बॅकअप घे, नंतर रडायचं नाही.”

टाकलं. चाललं. आणि मग जे सगळ्यांचं होतं तेच माझंही झालं. काम राहिलं बाजूला, दोन रात्री सजावटीत गेल्या. थीम बदल, आयकॉन बदल, खाली मॅकसारखा डॉक लाव, कोपऱ्यात कॉन्की लावून रॅम किती खर्च झाली ते बघत बस (ती कॉन्कीनेच खर्च केलेली!). तिसऱ्या रात्री चुकून पॅनेलच डिलीट केलं. मेनू नाही, घड्याळ नाही, स्क्रीनवर फक्त वॉलपेपर. रूममेट म्हणाली, “छान, आता खिडकी म्हणून वापर.” नंतर कळलं की एक्सएफसीईमध्ये रिकाम्या डेस्कटॉपवर राईट क्लिक केलं की सगळा मेनू मिळतो. पॅनेल परत आणलं आणि सजावटीला राम राम ठोकला.

एक गोष्ट मात्र ठेवली, ती म्हणजे भाषा. लोकेल मराठी केलं. अर्धे मेनू मराठी झाले, अर्धे इंग्रजीच राहिले. अगदी माझ्यासारखे! पण वरच्या घड्याळात ‘सोमवार’, ‘नोव्हेंबर’ असं दिसायला लागलं आणि उगाचच बरं वाटलं. कीबोर्डला इनस्क्रिप्ट लावला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. पहिल्या दिवशी स्वतःचं नाव लिहायला तीन मिनिटं लागली. आता हा लेख त्यावरच लिहितेय.

आता खरं काम सांगते. आम्हाला प्रोजेक्टसाठी ‘आर’ शिकायचं होतं. ‘आर’ म्हणजे सांख्यिकीसाठी बनवलेली भाषा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी ती सुरू केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर ‘आर’, आणि बेल लॅब्जमध्ये आधी ‘एस’ नावाची भाषा होतीच. आरची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा! सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण फुकट आणि खुली.

डेबियनवर आर बसवणं एका ओळीचं काम: सुडो ॲप्ट इन्स्टॉल आर-बेस. रडवतात ती पॅकेजेस. मी आरच्या आतून ‘टायडीव्हर्स’ मागवलं. लिनक्सवर ही पॅकेजेस सोर्समधून येतात आणि आपल्याच मशीनवर कंपाईल होतात. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला, मधेच हॉस्टेलचं वायफाय गेलं, आणि तासाभराने शेवटी लाल अक्षरांत ‘नॉन-झीरो एक्झिट स्टेटस’. मी शेवटची ओळच पुन्हा पुन्हा वाचत बसले. ताई आली, वर स्क्रोल केलं आणि म्हणाली, “एरर नेहमी पहिली वाचायची, शेवटची नाही.” पहिल्या एररमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की कर्लची डेव्हलपमेंट लायब्ररी नाहीये. ती टाकली तर ओपनएसएसएलची नाही, ती टाकली तर एक्सएमएलची नाही. शेवटी ताईनेच सोपा रस्ता दाखवला. हीच पॅकेजेस डेबियनमध्ये ‘आर-क्रॅन’ या नावाने तयार मिळतात. ॲप्टने मागवली, काही मिनिटांत काम झालं. ज्युनियर्सनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी माझा लेख सार्थकी लागला.

प्रोजेक्टला डेटा पाहिजे होता. बाकीच्यांनी तयार डेटा घेतला. माझ्याकडे आण्णांच्या वह्या होत्या.

आण्णा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. १८८५ साली सुरू झालेला हा कालवा बारामतीच्या बाजूला ऊस पिकवत येतो आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला दम लागलेला असतो. वरून हा सगळा पर्जन्यछायेचा भाग. त्यामुळे आण्णांना पावसाचं वेड. अंगणात पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला मोजायचा आणि वहीत लिहायचा. १९९८ पासून २०२३ पर्यंत. २०२४ च्या जानेवारीत आण्णा गेले आणि वह्या माळ्यावर गेल्या.

दिवाळीत त्या खाली काढल्या. त्याला कारण होतं. २०२५ च्या मे महिन्यात बारामती-इंदापूरला जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. कालवा फुटला, मे महिन्यात शेतात तळी साचली. तेव्हापासून पप्पांच्या डोक्यात बसलं होतं की आता पाऊस वाढलाय, डाळिंब काढायचं आणि सगळा ऊस करायचा. ठिबक, लागण, सगळं कर्ज काढून. मम्मीचा विरोध. घरात रोज तोच विषय. मी म्हटलं, “पप्पा, थोडं थांबा. आण्णांच्या वह्या कॉम्प्युटरवर घालून बघते.” पप्पा हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

दिवाळीची सुट्टी आणि पुढचे चार रविवार टाईप करण्यात गेले. पहिला आलेख काढला तर एका फेब्रुवारीत एकाच दिवशी ९० मिलिमीटर! पप्पा म्हणाले, “फेब्रुवारीत? आगं, शाळू काळा पडला असता.” वही उघडली. आण्णांनी १० लिहिलं होतं. कॉन्व्हेंटच्या डोळ्यांना मराठी एक इंग्रजी नऊ दिसला होता. असे बरेच एक-नऊ सापडले. सगळं पुन्हा तपासलं.

मग वर्षाची बेरीज काढली. सगळ्यात कोरडं वर्ष २०१२ निघेल अशी खात्री होती, त्या दुष्काळाबद्दल लहानपणापासून ऐकलेलं. निघालं २०१०. पप्पा म्हणाले, “शक्यच नाही. त्या साली विहीर काठोकाठ होती.”

पुन्हा वही. २०१० च्या ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत पानं कोरी. आण्णा कोरड्या दिवशी शून्य घालायचे, कोरी जागा कधीच सोडायचे नाहीत. मी घाईत कोऱ्या जागांतही शून्य भरलं होतं. आरमध्ये अशा जागेसाठी वेगळी खूण आहे, ‘एनए’. म्हणजे माहिती उपलब्ध नाही. ती घातली तर वर्षाची बेरीजही ‘एनए’ आली. एनए वगळून बेरीज कर, असं सांगितलं तर पुन्हा तोच जुना चुकीचा आकडा! विचार केल्यावर पटलं. बेरजेत एखादा दिवस वगळणं म्हणजे त्याला शून्यच धरणं. ते वर्षच तुलनेतून बाजूला ठेवणं हाच प्रामाणिक उपाय होता.

पण पानं कोरी का? त्या पानाच्या समासात बारीक अक्षरात काहीतरी होतं. मला लागेना. पप्पांनी वाचलं: “नोंद नाही. पुण्यात. पोरगी आजारी.”

मी पाच वर्षांची होते. डेंग्यू झाला होता हे माहीत होतं. पण आण्णा इतके दिवस दवाखान्यातल्या बाकावर झोपले, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षांत एवढी एकच मोठी फट, आणि ती माझ्यासाठी. पप्पा वही हातात धरून बराच वेळ गप्प बसले. मीपण.

असो. शेवटी आलेख झाला. पीडीएफ काढली तर ‘पाऊस’च्या जागी नुसते ठिपके. आरच्या साध्या पीडीएफला देवनागरी येत नाही, ‘कायरो पीडीएफ’ वापरावं लागतं. मग अक्षरं नीट उमटली. आलेखात दोन गोष्टी दिसत होत्या. आमच्याकडचा पाऊस खरा सप्टेंबरचा. आणि चांगलं वर्ष आलं म्हणून पुढचं चांगलं जाईल याचा काही भरवसा नाही. पप्पा म्हणाले, “हे तर आण्णा रोजच सांगायचे. आम्ही ऐकलं कुठं!” डाळिंब अजून उभं आहे. उसाचं पुढच्या पावसाळ्यानंतर बघू, असं ठरलंय. आलेख बरोबर ठरेल की नाही मला माहीत नाही. पण कर्ज तूर्त टळलं.

पर्जन्यमापक धुऊन पुन्हा अंगणात लावलाय. धाकटा भाऊ रोज साडेआठला मोजतो आणि मला मेसेज करतो. सध्या रोज शून्यच येतं. पण शून्य ही नोंद आहे!

माझ्या डेस्कटॉपवर आता थीम नाही, डॉक नाही, कॉन्की नाही. वॉलपेपर म्हणून २०१० चं ते पान आहे. कुणाला लिनक्स टाकायचं असेल तर लेडीज हॉस्टेलला निरोप द्या, पेनड्राईव्ह माझ्याकडे आहे. आणि हो, आधी बॅकअप घ्या.