मतं मोजणाऱ्यांच्या बाजूने

प्रिय दादा,

परवा फोनवर तू दोनदा म्हणालास, "तू साताऱ्यात बसून काय सांगतेस, मी इथे राहतो." खरं आहे ते. तू अमेरिकेचा नागरिक आहेस, जॉर्जिया राज्यात कर भरतोस, मत देतोस. पण २०२० ची अध्यक्षपदाची निवडणूक चोरली गेली असं तू जे बोलतोस, त्यातलं बहुतेक सगळं तुझ्याच फुल्टन काउंटीत घडलं आहे आणि त्याच्या चौकशीचे कागद कुणालाही वाचायला खुले आहेत. मी ते वाचले. फोनवर आपण दोघंही एकमेकांना पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुला शंका आली, यात मला काहीच वावगं वाटत नाही. ३ नोव्हेंबरच्या रात्री तू टीव्हीसमोर बसला होतास. ट्रम्प पुढे होते. दोन दिवसांनी तीच आघाडी वितळत होती, शुक्रवारी बायडन पुढे गेले. डोळ्यांदेखत असं झालं की कुणाच्याही मनात येईल, रात्रीत काय शिजलं? पण त्या वर्षी कोविडमुळे तुझ्या राज्यातल्या १३ लाखांहून अधिक लोकांनी टपालाने मतं पाठवली होती. टपाली मतदानावर विश्वास ठेवू नका, असं ट्रम्प महिनोन् महिने सांगत होते, त्यामुळे त्या लिफाफ्यांत बायडन यांची मतं जास्त निघणार हे उघड होतं. लिफाफा उघडा, सही ताडून बघा, घडी सरळ करा, मग यंत्रात घाला; याला वेळ लागतो. पेनसिल्व्हेनियात तर मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी लिफाफ्याला हात लावायची कायद्याने परवानगीच नव्हती, आणि तो कायदा तिथल्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने बदलला नाही. आधी केंद्रावरची मतं, मग टपालाची. मतं आधीच पडली होती, फक्त पडद्यावर दिसली दोन टप्प्यांत.

आता त्या व्हिडिओकडे येते. तू तो मला चार जणांकडून पाठवून घेतलास. अटलांटाच्या स्टेट फार्म अरीनात, सगळे निघून गेल्यावर, टेबलाखालून 'सुटकेसी' ओढून काढणाऱ्या बायका. ३ डिसेंबरला ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांच्या चमूने तो जॉर्जियाच्या सिनेटर्सपुढे दाखवला आणि पुढच्या काही तासांत तो जगभर गेला. दादा, त्यांनी दाखवला तो तुकडा होता. तपास अधिकाऱ्यांनी संपूर्ण रात्रीचं चित्रण पाहिलं. त्या सुटकेसी नव्हत्या, मतपत्रिका ठेवायच्या नेहमीच्या पेट्या होत्या. काम थांबणार असं समजून कर्मचाऱ्यांनी त्या बंद करून टेबलाखाली सरकवल्या, तेव्हा निरीक्षक आणि पत्रकार तिथेच होते. मग राज्याच्या निवडणूक कार्यालयाकडून विचारणा झाली, की मोजणी एवढ्यात का थांबवता? म्हणून त्याच पेट्या पुन्हा बाहेर आल्या. राज्याने तपास केला, एफबीआयने केला, आणि जून २०२३ मध्ये राज्य निवडणूक मंडळाने प्रकरण बंद केलं. काही सापडलं नाही. फुल्टनची टपाली मतं त्याच सभागृहात हाताळली गेली. तू त्या वर्षी टपालानेच मत दिलं होतंस. तुझा लिफाफाही तिथेच उघडला गेला.

त्या चित्रणातल्या दोन बायका मायलेकी होत्या. त्यांची नावं मी इथे घेत नाही, ती नको तितकी फिरवली गेली आहेत. आईने लेकीच्या हातात काहीतरी दिलं, तो यूएसबी होता, असं जुलियानी म्हणाले. २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे लेकीने शपथेवर सांगितलं, ती आल्याची गोळी होती. चघळायची गोळी! मग धमक्या सुरू झाल्या; त्या दोघी कृष्णवर्णीय असल्याने त्या धमक्यांची भाषा कशी होती हे मी लिहीत नाही. अनोळखी माणसं लेकीच्या आजीच्या दारात 'आम्ही अटक करायला आलोय' म्हणत उभी राहिली. एफबीआयच्या सल्ल्यावरून आईला दोनेक महिने स्वतःचं घर सोडून राहावं लागलं. पुढे जुलियानींनी आपली विधानं खोटी होती हे न्यायालयात लेखी मान्य केलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने त्या दोघींना १४ कोटी ८० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. तो व्हिडिओ तुझ्यापर्यंत तासांत पोचला होता. हा निकाल तुला माझ्याकडून कळला.

हे वाचताना मला आपली आई दिसत होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, दर निवडणुकीला ड्युटी लागायची. आदल्या दिवशी तहसील कचेरीतून साहित्य ताब्यात घ्यायचं, पुढाऱ्यांच्या माणसांची बोलणी ऐकायची, रात्री शाळेच्या फरशीवर झोपायचं. एकदा मतपत्रिकांच्या हिशेबात एकाचा फरक येत होता, तर ती स्थळप्रती पुन्हा पुन्हा मोजत बसली होती. पेटी जमा करून घरी आली तेव्हा पहाट होत आली होती. त्या रात्री तिने पेटी टेबलाखाली सरकवली असेलच, ठेवायला दुसरी जागा कुठे होती? त्याचं कुणी अर्ध्या मिनिटाचं चित्रण केलं असतं आणि मुंबईतल्या एखाद्या बड्या वकिलाने ते राज्यभर दाखवलं असतं, तर आपण दोघं काय करून बसलो असतो? तू आधी तिच्या बाजूने उभा राहिला असतास. मला खात्री आहे, कारण मी तुला ओळखते.

मोजणीत चुका झाल्याच नाहीत, असं मी म्हणत नाही. झाल्या. जॉर्जियाने सगळ्या १५९ काउंट्यांतल्या जवळपास ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या, तेव्हा फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांहून जास्त मतं मोजायचीच राहिली होती असं निघालं. ती घेतली, ट्रम्प यांना त्यात फायदा झाला, फरक थोडा कमी झाला. मग आणखी एकदा यंत्राने मोजणी झाली. फरक उरला ११,७७९ मतांचा. ही मोजणी करवून घेणारे, राज्याच्या निवडणुकांचे प्रमुख ब्रॅड राफेन्सपर्गर रिपब्लिकन, निकालावर सही करणारे राज्यपाल ब्रायन केम्प रिपब्लिकन. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी राफेन्सपर्गर यांना फोन करून आपल्याला ११,७८० मतं शोधायची आहेत असं सांगितलं. फरकापेक्षा बरोबर एक जास्त. ते ध्वनिमुद्रण तूही ऐकलं आहेस.

यावर तू म्हणतोस, सगळेच फितूर. इथेच मला तुझी भीती वाटते, दादा. राफेन्सपर्गर फितूर, केम्प फितूर, ट्रम्प यांचेच ॲटर्नी जनरल विल्यम बार फितूर, साठाच्या वर दावे निकाली काढणारे न्यायाधीश फितूर, त्यांतले कित्येक ट्रम्प यांनीच नेमलेले. प्रत्येक नवं उत्तर आलं की उत्तर देणारा कटात सामील होतो. मी तुला सरळ विचारते : काय दाखवलं तर तू मानशील? हाताने मोजणी हवी होती, झाली. न्यायालय हवं होतं, झालं. चौकशी हवी होती, तीही झाली. मग २०२४ मध्ये त्याच यंत्रांवर, त्याच राफेन्सपर्गरांच्या देखरेखीखाली ट्रम्प जॉर्जियात जिंकले. त्या रात्री तू पेढे वाटलेस आणि यंत्रांविषयी एक शब्द काढला नाहीस.

आणि या बोलण्याचं पुढे काय होतं, ते ६ जानेवारी २०२१ ला दिसलं. संसदेत निकालाची औपचारिक मोजणी चालू असताना ट्रम्प-समर्थकांचा जमाव आत घुसला. कॅपिटॉलच्या काचा फुटल्या, सुमारे १४० पोलिस जखमी झाले, उपराष्ट्राध्यक्षांना सुरक्षित जागी हलवावं लागलं. त्या गर्दीत आपला तिरंगाही फडकत होता. तो पाहून मी किती रडले होते, तुला ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी तुझ्या राज्याच्या सिनेटर केली लॉफलर यांनी निकालावर आक्षेप घ्यायचा आपला बेत मागे घेतला, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षातल्या एका बाईला तेवढ्यात थांबता आलं. संसदेतली ती मोजणी दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारच्या सुमारास पुरी झाली. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी त्या दिवशीच्या सुमारे १,५०० जणांना माफी दिली, आणि तू मला लिहिलंस, "बघ, शेवटी न्याय झाला." ज्यांनी पोलिसांना झोडपलं त्यांच्यासाठी हा शब्द तू वापरलास. तो संदेश मी अजून पुसलेला नाही.

हा दोष एकाच बाजूचा नाही. २०२४ नंतर ट्रम्प-विरोधकांपैकी काही जण स्टारलिंकमार्फत मतं फिरवली असं सांगत होते. तेही तितकंच बिनबुडाचं होतं. आणि इथे, डिसेंबर २०२४ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी विधानसभेच्या निकालातले आपल्या गावचे आकडे पटत नाहीत म्हणून स्वखर्चाने कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं, तर प्रशासनाने जमावबंदी लावली आणि गुन्हे नोंदवले. मला ते पटलं नाही. अशा मतदानाने निकाल बदलत नाही, पण शंकेला बंदोबस्त हे उत्तर नव्हे. तुमच्या राफेन्सपर्गरांनी तसं केलं नाही. त्यांनी कागद बाहेर काढून मोजला, पुन्हा मोजला. ज्या व्यवस्थेने तुझ्या प्रश्नाला इतकं तपशिलात उत्तर दिलं, तिलाच तू चोर म्हणतोस, याचं मला वाईट वाटतं.

माझं एक मागणं आहे. तुझ्या काउंटीला प्रत्येक निवडणुकीत केंद्रांवर काम करायला नागरिक लागतात. आधी प्रशिक्षण असतं, मानधनही देतात. तू निवृत्त झाला आहेस, इंग्रजी उत्तम आहे, हिशेबात तू आईवर गेला आहेस. पुढच्या निवडणुकीसाठी नाव नोंदव. यंत्रं सुरू होण्याआधी काय तपासतात, पेटीला मोहर कोण लावतं, किती जण सह्या करतात, आकडा जुळला नाही तर काय करतात, हे स्वतः बघ. आणि त्यात कुठे भोक दिसलं तर मला लिही, मी ते आदराने वाचेन आणि तुझ्या बाजूने बोलेन.

वहिनीला नमस्कार सांग. अर्ज भरलास की प्रशिक्षणाची तारीख कळव.

तुझी,
धाकटी