‘आपण’ आणि ‘आम्ही’

हायडेलबर्गमधील एका वर्षाविषयी वर्सोव्यात, वाळत्या बोंबलांचा वास खिडकीतून येत असताना, लिहू लागले की सर्वनाम अडते. आम्हां दोघांत जर्मन चाले. तिच्या अनेकवचनी प्रथमपुरुषात श्रोता आत की बाहेर, हे सांगावे लागत नाही. मराठीत निवड अटळ. नेकारकाठी, प्रागच्या गाडीत हिंडलो ते ‘आपण’. वाचकाला सांगताच त्याचे ‘आम्ही’ होते, आणि संबोधित व्यक्ती केवळ निवेदनाचा विषय उरते. संबंध संपल्याचे मला पत्राआधी या व्याकरणाने जाणवले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’तील (१९६०) प्रवासही दोघांचा; सुनीताबाईंचा ‘मी’ मात्र ‘आहे मनोहर तरी’त (१९९०) भेटतो. आपल्या प्रवासवर्णन-समीक्षेने स्थळे मोजली (विनोदही), सर्वनामे क्वचितच. माझ्या तत्कालीन टिपणवहीत सर्वत्र ‘आपण’ आहे. छापायचे झाल्यास ते बदलावे लागेल.